आचऱ्याचं ‘आचर्या’ होऊ नये म्हणून: मराठी ई-पुस्तकातले फॉन्ट

कोकणात लिहिलेलं बरंचसं साहित्य मुंबईत वाचलं जातं. शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका, ग्रामदैवताचा इतिहास, घराण्याची वंशावळ, दशावतारी आख्यानांच्या संहिता, मालवणी कवितांचं छोटं पुस्तक. छापील प्रती मानकरी आणि देणगीदारांत संपतात आणि मग चाकरमान्यांचा प्रश्न येतो, “मोबाइलवर मिळेल काय?” पीडीएफ पाठवली की पान चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचावं लागतं, म्हणून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची प्रचलित फाइल, करायचं ठरतं. कागदाचा भरवसाही आपल्याकडे बेताचाच आहे. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कागदाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

ईपबमध्ये मजकूर वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे वाहतो, पण अक्षर कसं दिसेल हे त्याच्या उपकरणातल्या फॉन्टवर ठरतं. तिथेच फॉन्ट पुस्तकात घालण्याचा, म्हणजे एम्बेड करण्याचा, प्रश्न येतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: मराठी पुस्तकात फॉन्ट घालायचा तो अक्षर शाबूत राहावं म्हणून. सजावट हा त्याचा दुय्यम उपयोग आहे. बहुतेक मोबाइलमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, मग आपला का घालायचा? कारण तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, बराचसा हिंदी वळणाचा असतो, आणि ॲ, ऱ्य, ऱ्ह अशा खास मराठी जागी तो चांगला वागेलच याची खात्री नसते. एक नेटका फॉन्ट सोबत दिला की ती खात्री आपल्या हातात येते.

आधी मजकूर, मग फॉन्ट

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या छापखान्यांतला आणि डीटीपी सेंटरांतला जुना मजकूर बहुतेक श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव असल्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला असतो. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत.) या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात. फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो.

अशा मजकुरावर काहीजण सोपा उपाय करतात: तोच जुना फॉन्ट ईपबमध्ये घालतात. पडद्यावर पान ठीक दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पण वाचकाने स्वतःच्या आवडीचा फॉन्ट निवडला की सगळं पान रोमन अक्षरांच्या कचऱ्यात बदलतं. शोध चालत नाही, शब्दाचा अर्थ पाहता येत नाही. दृष्टिहीन वाचकाला मोबाइल वाचून दाखवतो तेव्हा त्याला निरर्थक अक्षरं ऐकू येतात. हा उपाय कधीही करू नये, घाई असली तरीही नाही.

ओळखायचं कसं? फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर मजकूर युनिकोड आहे. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये न्या आणि नंतर शांतपणे वाचून काढा. कन्व्हर्टर ठरावीक जागीच घसरतो: रफार पुढच्यामागच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जोडाक्षरात अडकते, श्र, त्र, क्ष, ज्ञ यांची मोडतोड होते, अवतरणचिन्हं आणि लांब रेघा बदलतात. अर्धा र हमखास चुकतो.

त्या अर्ध्या र बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण कोकणातल्या पुस्तकात तो पानोपानी येतो. आचऱ्याचा रामेश्वर, मिऱ्या बंदर, किनाऱ्यावरचं, खाऱ्या वाऱ्याचं, तऱ्हा, कुऱ्हाड. हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य किंवा ह. दुसरा, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह आणि पुढे य किंवा ह. दिसायला ‘मिऱ्या’ आणि ‘मिर्‍या’ सारखेच, पण शोधणाऱ्याला दोन वेगळे शब्द. पुस्तकभर एकच पद्धत ठेवा. मी पहिली ठेवतो. त्यात न दिसणारं चिन्ह नसतं, त्यामुळे मजकूर साफ करताना ते चुकून उडण्याची भीतीही नसते. ते उडालं की ‘मिर्या’ होतं, आणि दर्‍यांचा, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा, थेट ‘दर्या’ होतो. कोकणाच्या पुस्तकात ही चूक अर्थाचीच असते.

कोणता फॉन्ट?

पहिली अट परवान्याची. विंडोजसोबत आलेले मंगल, कोकिळा, निर्मला हे आपल्या संगणकावर वापरता येतात म्हणजे पुस्तकात घालून वाटताही येतात असं समजू नका. दुकानातून विकत घेतलेल्या फॉन्टचंही तेच. ई-पुस्तकात घालण्याचा हक्क पुष्कळदा वेगळा घ्यावा लागतो. फॉन्टच्या फाइलमध्ये एम्बेडिंगची परवानगी सांगणारी एक नोंद असते खरी, पण शेवटचा शब्द परवान्याच्या कागदाचा.

म्हणून सरळ एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचा फॉन्ट घ्यावा. तो पुस्तकात घालता येतो आणि ते पुस्तक विकताही येतं. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नसतो, एवढी मुख्य बंधनाची बाब. परवान्याची छोटी मजकूर-फाइल पुस्तकाच्या कामाच्या फोल्डरात जपून ठेवा आणि श्रेयपानावर फॉन्टचं नाव एका ओळीत द्या.

या परवान्यातले चार पर्याय मी नेहमी सुचवतो. दीर्घ गद्यासाठी नोटो सेरिफ देवनागरी: वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, भरपूर, जोडाक्षरं पूर्ण. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेचा मुक्ता: उभ्या-आडव्या रेघा सारख्या जाडीच्या, लहान पडद्यावर स्वच्छ वाचला जातो. स्तोत्रं, संस्कृत श्लोक, ताम्रपटातले उतारे असतील तर आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका, कारण लांबलचक संस्कृत जोडाक्षरं तो नीट बांधतो. आणि जुन्या छपाईच्या वळणाची ओढ असणाऱ्यांना तिरो देवनागरी मराठी. तो देखणा आहे, पण त्यात ठळक वजन नाही. मथळे ठळक करायला गेलात तर वाचनयंत्र (पुस्तक दाखवणारं उपकरण किंवा ॲप) अक्षरं कृत्रिमपणे फुगवतं आणि मात्रा एकमेकींना चिकटतात. तिरो घ्याल तेव्हा मथळे आकाराने मोठे करा, ठळक करू नका.

एका पुस्तकाला मजकुराचा साधा आणि ठळक एवढ्या दोन फाइली पुरतात. मथळ्यासाठी तिसरी फार झाली. मासळीवरचं पुस्तक असेल आणि बांगडा, सुरमई, पापलेट यांची शास्त्रीय नावं रोमन लिपीत येणार असतील तर निवडलेल्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरंही आहेत का ते आधी पाहा, नाहीतर एकाच ओळीत दोन अनोळखी वळणं शेजारी बसतात.

आजकाल गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये पुष्कळदा व्हेरिएबल फॉन्ट (सगळी वजनं एकाच फाइलमध्ये) असतो आणि आत ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर असतं. ई-पुस्तकासाठी त्या फोल्डरातल्या रेग्युलर आणि बोल्ड फाइली घ्या. जुन्या वाचनयंत्रांना व्हेरिएबल फॉन्ट कळेलच असं नाही. फाइलचा प्रकारही टीटीएफ किंवा ओटीएफच ठेवा. वॉफ आणि वॉफ-२ हे ईपब ३ ला मान्य आहेत, पण जुन्या यंत्रांचा विचार केला तर टीटीएफ बिनधोक.

फॉन्ट आत घालणं

ईपब म्हणजे वेब पानांची बांधलेली झिप. आत एक्सएचटीएमएल पानं असतात, सजावटीची सीएसएस फाइल असते, चित्रं असतात, आणि ओपीएफ नावाच्या फाइलमध्ये या सगळ्यांची यादी असते. फॉन्ट घालायचा म्हणजे तीन गोष्टी करायच्या: फाइल आत ठेवायची, ओपीएफच्या यादीत तिची नोंद करायची, आणि सीएसएसमध्ये तिची ओळख करून द्यायची. झिप उघडून हाताने घुसवाघुसव करू नका. ईपबमध्ये ‘माइमटाइप’ ही फाइल सर्वांत पहिली आणि न दाबलेली असावी लागते, आणि साध्या झिप प्रोग्राममध्ये तो क्रम बिघडतो. सिजिल किंवा कॅलिबर ही दोन्ही मोफत साधनं हे आपोआप सांभाळतात.

मी सिजिलमध्ये असं करतो. डावीकडच्या बुक ब्राउझरमध्ये ‘फॉन्ट्स’वर उजवं क्लिक, ‘ॲड एक्झिस्टिंग फाइल्स’, आणि दोन्ही फाइली निवडायच्या. फाइलींची नावं आधीच छोट्या रोमन लिपीत (स्मॉल लेटर्समध्ये), मोकळी जागा न सोडता ठेवावीत. विंडोज लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, वाचनयंत्रं मात्र करतात, आणि संगणकावर दिसणारा फॉन्ट मोबाइलवर न दिसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. ओपीएफमधली नोंद सिजिल स्वतः करतो.

मग सीएसएस उघडा आणि सगळ्यांत वर ‘फॉन्ट-फेस’चा नियम लिहा, तोच ज्याच्या आधी ॲट चिन्ह येतं. प्रत्येक फाइलसाठी वेगळा नियम. आत चार ओळी: ‘फॉन्ट-फॅमिली’मध्ये तुम्ही ठरवलेलं नाव, ‘फॉन्ट-वेट’मध्ये नॉर्मल किंवा बोल्ड, ‘फॉन्ट-स्टाइल’मध्ये नॉर्मल, आणि ‘एसआरसी’मध्ये फाइलचा पत्ता. दोन्ही नियमांत फॅमिलीचं नाव अक्षरशः एकच हवं, फरक फक्त वजनाचा. तसं नसेल तर ठळक शब्दांसाठी खरा बोल्ड वापरलाच जाणार नाही. पत्ता सीएसएस फाइलच्या जागेवरून मोजायचा असतो. सीएसएस ‘स्टाइल्स’ फोल्डरात आणि फॉन्ट ‘फॉन्ट्स’ फोल्डरात असेल तर आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ देऊन एक पायरी वर यायचं, मग फॉन्टच्या फोल्डरात शिरायचं. त्यानंतर ‘बॉडी’ला ही फॅमिली लावा आणि स्वल्पविराम देऊन पुढे ‘सेरिफ’ हा सर्वसाधारण पर्याय ठेवा.

इंटरनेटवरच्या फॉन्टची लिंक देऊन काम भागवू नका. ईपब ३ मध्ये ते चालतं, पण पुस्तक बहुधा रेंज नसताना वाचलं जातं. कोकण रेल्वेचा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे.

सिजिलशी सलगी नसेल तर कॅलिबर. वर्डची फाइल ईपबमध्ये बदलताना ‘लुक अँड फील’मध्ये फॉन्ट्सच्या भागात ‘एम्बेड फॉन्ट फॅमिली’ असा पर्याय आहे. फॉन्ट आधी संगणकावर बसवा, मग तिथे निवडा, कॅलिबर बाकीचं करतं. तयार ईपब ‘एडिट बुक’ने उघडलं की टूल्स मेनूतलं ‘मॅनेज फॉन्ट्स’ हे फार उपयोगी आहे. पुस्तकात कोणकोणत्या फॉन्टांची नावं आली आहेत आणि त्यातले खरोखर आत आहेत कोणते, याची यादी ते देतं. तिथूनच फॉन्ट बदलता येतो, काढता येतो, आत घालता येतो.

एवढं झालं की भाषेची खूण विसरू नका. प्रत्येक पानाच्या मुळाशी भाषा म्हणून मराठीचा संकेत ‘एमआर’ हवा, आणि ओपीएफमध्येही तोच. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आत असतात, पण भाषा मराठी आहे असं सांगितल्यावरच ते बाहेर येतात. ‘एचआय’ राहिलं तर हिंदी वळण दिसतं. वाचून दाखवणारा आवाजही याच खुणेवरून मराठी निवडतो. मधे गोव्याकडचा कोंकणी उतारा असेल तर त्या परिच्छेदापुरता ‘केओके’ द्या.

सजावटीचे नियम देवनागरीच्या अंगाने

इंग्रजी पुस्तकांच्या सीएसएसवरून उचललेले नियम मराठीत घोटाळा करतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा ‘लेटर-स्पेसिंग’ कुठेही ठेवू नका, कारण त्याने शिरोरेघ तुटते. तिरक्या अक्षरांचा मोह टाळा: बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरा इटॅलिक नसतो, वाचनयंत्र सरळ अक्षर कलतं करून देतं. जोर द्यायला ठळक वापरा किंवा अवतरणचिन्हं द्या. ओळींमधलं अंतर दीडपटीच्या थोडं वर, साधारण १.६ ठेवलं की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांवर चढत नाहीत.

प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर जास्त जपा. ‘श्रीवर्धन’ या शब्दाचं पहिलं अक्षर ‘श्री’ आहे, पण सगळी यंत्रं तसं मानतीलच असं नाही. कुणी ‘श्’ तोडतो, कुणी वेलांटी मागे ठेवतो. तसंच जोडाक्षराच्या मधोमध रंगाचा किंवा जाडीचा टॅग आला की जोडाक्षर फुटतं. टॅग नेहमी पूर्ण शब्दाला लावा.

वाचकावर फॉन्ट लादू नका, हेही इथेच सांगायला हवं. परिच्छेदापरिच्छेदाला फॉन्ट आणि आकार ठोकून दिला की म्हाताऱ्या माणसाला अक्षर मोठं करताना त्रास होतो. ‘बॉडी’ला एकदा फॉन्ट लावावा, आकार ‘ईएम’मध्ये, म्हणजे वाचकाच्या अक्षराच्या प्रमाणात, द्यावा आणि पुढचं वाचकावर सोडावं. त्याने स्वतःचा फॉन्ट निवडला तर पुस्तक तरीही नीट वाचता आलं पाहिजे. मजकूर युनिकोड असेल तर ते येतंच.

सबसेटिंग: कधी आणि किती

सबसेटिंग म्हणजे फॉन्टमधली न लागणारी अक्षरं काढून फाइल हलकी करणं. इंग्रजीत हा सरळ व्यवहार आहे: पुस्तकात जी अक्षरं आली ती ठेवायची. देवनागरीत ‘त्न’ हे जोडाक्षर मजकुरात एक चिन्ह म्हणून नसतंच. त, हलन्त आणि न अशी तीन चिन्हं असतात, आणि त्यांचं ‘त्न’ कसं करायचं हे फॉन्टच्या आतल्या जीसब नावाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. मात्रा आणि रफार नेमके कुठे बसायचे हे जीपॉस तक्त्यात. साधन निष्काळजी असलं तर त, न आणि हलन्त राहतात, जोडाक्षराची आकृती मात्र उडते, आणि ‘रत्नागिरी’ ‘रत्‌नागिरी’ होऊन बसते.

माझा सल्ला असा: पुस्तकात एकच फॉन्ट, साधा आणि ठळक, असा असेल तर सबसेटिंगच्या वाटेला जाऊ नका. देवनागरीची एक फाइल काहीशे केबीची असते. स्मरणिकेतला सत्काराचा एक फोटोसुद्धा पुष्कळदा तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. वजन कमी करायचं तर आधी फोटो आटोपशीर करा.

फॉन्ट तीन-चार असतील, किंवा त्यात इतर लिप्यांची भरताड असेल, तर सबसेट जरूर करा. कॅलिबरच्या ‘मॅनेज फॉन्ट्स’मध्ये ‘सबसेट ऑल फॉन्ट्स’ हे बटण आहे. थोडं तांत्रिक काम येत असेल तर फॉन्टटूल्स या साधनसंचातला पायएफटीसबसेट जास्त ताब्यात राहतो. पुस्तकाचा पूर्ण मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून त्याला द्यायचा. लेआउट फीचर्सच्या जागी तारांकन द्यायचं, म्हणजे जोडाक्षरांचे सगळे नियम राहतात. मजकुरातून येणाऱ्या जोडाक्षरांच्या आकृत्या तो स्वतः शोधून ठेवतो. टेक्स्ट फाइलमध्ये दोन्ही न दिसणारी चिन्हं (अक्षरं जोडणारा झीरो विड्थ जॉइनर आणि ती सुटी ठेवणारा नॉन-जॉइनर), रुपयाचं चिन्ह, दोन्ही प्रकारचे अंक, अवतरणचिन्हं, आणि सीएसएसमधून येणारी बुलेटसारखी चिन्हंही टाका. ती पानांच्या मजकुरात नसतात, म्हणून सुटतात.

हे सगळं मुद्रितशोधन संपल्यावरच. सबसेट केल्यानंतर कुणी ‘ॲडव्होकेट’ असा नवा शब्द घातला आणि ॲ आधी कुठे नव्हता, तर तिथे चौकोन येईल किंवा दुसऱ्याच फॉन्टचा ॲ डोकावेल. मूळ पूर्ण फॉन्ट जपून ठेवा आणि दर आवृत्तीला त्याच्यापासून सबसेट करा, सबसेटचा पुन्हा सबसेट करू नका.

फॉन्टची नासाडी नको: ऑब्फस्केशन

काही विकत घेतलेल्या फॉन्टांच्या परवान्यात अट असते की फाइल सहज काढून घेता येऊ नये. त्यासाठी ऑब्फस्केशन, म्हणजे फॉन्टची फाइल मुद्दाम विस्कटून ठेवणं, असतं. ईपबचं मानक तयार करणाऱ्या आयडीपीएफ या संस्थेच्या पद्धतीत फॉन्टचे पहिले १०४० बाइट पुस्तकाच्या ओळखक्रमांकावरून काढलेल्या किल्लीने बदलतात, अडोबीच्या पद्धतीत पहिले १०२४. नोंद ‘एन्क्रिप्शन’ या फाइलमध्ये राहते. किल्ली ओळखक्रमांकाची असल्याने नंतर आयएसबीएन मिळाला आणि कुणी ओपीएफमध्ये तो क्रमांक हाताने बदलला, तर कुलूप उघडतच नाही आणि फॉन्ट गायब होतो. फाइल तर आत दिसते, म्हणून लोक तासन्‌तास सीएसएस तपासत बसतात.

ओपन फॉन्टला याची गरजच नाही. सिजिलमध्ये फॉन्टच्या फाइलवर उजवं क्लिक करून ‘फॉन्ट ऑब्फस्केशन’ काय आहे ते पाहा आणि ‘नन’ करा.

तपासणीचं पान

प्रत्येक पुस्तकाच्या कामाच्या प्रतीत मी शेवटी एक तपासणीचं पान ठेवतो आणि प्रकाशनाआधी काढून टाकतो. किनाऱ्यावरच्या गावांची नावं यासाठी इतकी चांगली आहेत की वेगळं काही बनवावं लागत नाही:

हर्णै, आंजर्ले, तारकर्ली, वेंगुर्ले, कोर्लई. आचऱ्याला, मिऱ्याला, किनाऱ्याला. रत्नागिरी, भाट्ये, वाशिष्ठी, कुणकेश्वर, वेळणेश्वर, श्रीवर्धन. मुरुड, शिरोड्याला, दाभोळच्या कोळ्यांच्या होड्या. ॲड., ऑगस्ट, बँक, ₹ १२५, ‘दशावतार’.

यात ‘हर्णै’ आधी पाहा. ण वर रफार आणि दोन मात्रा एकाच जागी येतात. जीपॉस तक्ता उडाला असेल तर त्या एकमेकींवर चढतात. ‘तारकर्ली’त रफार दुसऱ्या वेलांटीच्या टोकाला नीट बसतो का, ‘मुरुड’मध्ये र ला उकार पोटात लागतो का, ‘मिऱ्या’चा अर्धा र चंद्रकोरीसारखा राहतो की रफार होऊन य वर चढतो, हे एकेक बघा. हेच पान ठळक अक्षरांत पुन्हा टाका, कारण साधा फॉन्ट बरोबर आणि ठळक चुकलेला असंही होतं.

आता हे पान वेगवेगळ्या यंत्रांवर उघडा. संगणकावर थोरियम रीडर, एखादा साधा अँड्रॉइड मोबाइल, शक्य असेल तर आयफोन आणि किंडल. ॲपच्या फॉन्ट निवडीत ‘ओरिजिनल’ किंवा ‘पब्लिशर’ असं काही असेल ते निवडून पाहा, मग ॲपचा दुसरा फॉन्ट निवडून पाहा. अक्षर मोठं करा, काळी पार्श्वभूमी करा, विमान मोड लावा. फाइल ईपबचेक या तपासणी-साधनातूनही काढा. फॉन्टची नोंद राहून गेली असेल किंवा पत्ता चुकला असेल तर तो लगेच सांगतो.

ॲपल बुक्समध्ये एक जादा खूण लागू शकते. पुस्तकात स्वतःचे फॉन्ट आहेत हे सांगणारी ‘स्पेसिफाइड-फॉन्ट्स’ ही नोंद ‘ट्रू’ करावी लागते, नाहीतर ॲप आपलाच फॉन्ट दाखवत राहतं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत. तिथे मूळ मजकुराला फॉन्ट लादू नये अशी प्रकाशकांना सूचना असते, वाचकाला ‘पब्लिशर फॉन्ट’ निवडता येतो. किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये तपासणीचं पान दोन्ही निवडींत पाहिल्याशिवाय पुस्तक चढवू नका.

चुकलं तर कुठे बघायचं

पोकळ चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही: सबसेट जास्त कापला गेला किंवा फॉन्ट लागलाच नाही. टिंबांच्या वर्तुळावर मात्रा लटकलेली दिसली तर फॉन्टला दोष देऊ नका, मजकुरात मात्रा अनाथ झाली आहे. हे बहुधा कन्व्हर्टरचं काम. जोडाक्षरं हलन्ताने सुटी दिसली तर जीसब तक्ता, मधे घुसलेला टॅग किंवा झीरो विड्थ नॉन-जॉइनर. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे दिसली तर ते ॲपच देवनागरी जुळवू शकत नाही. तिथे कोणताही फॉन्ट घाला, फरक पडणार नाही, वाचकाला ॲप बदलायला सांगा. सगळं बरोबर असून फॉन्ट लागत नसेल तर क्रमाने बघा: ॲपची निवड, फाइलच्या नावातली लहान-मोठी लिपी, सीएसएसमधला पत्ता, ऑब्फस्केशन.

मोडीचा मजकूर हे वेगळं प्रकरण आहे. इनाम, वतन, देवस्थानची जुनी कागदपत्रं यांमुळे कोकणातल्या स्थानिक इतिहासात मोडीच्या ओळी येतात. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पण वाचकाच्या मोबाइलवर मोडीचा फॉन्ट असेल असं धरून चालू नका. नोटो सान्स मोडी आत घाला, तो फक्त त्या परिच्छेदांना लावा, आणि लगेच खाली देवनागरी लिप्यंतर द्या. मूळ कागदाचा फोटो असेल तर त्याच्या पर्यायी मजकुरातही तेच लिप्यंतर लिहा.

दुसऱ्याने केलेलं ईपब सुधारायला आलं की उलट काम असतं. ‘मॅनेज फॉन्ट्स’ उघडलं की वर्डमधून आलेले टाइम्स, कॅलिब्री, एरियल युनिकोड, दोन-तीन मंगल असे पाहुणे दिसतात. आधी व्हॉट्सॲपची परीक्षा करून मजकूर युनिकोड आहे याची खात्री करा, कारण जुन्या फॉन्टवर उभा असलेला मजकूर फॉन्ट काढताच वाचण्याजोगा राहत नाही. मजकूर ठीक असेल तर नको असलेले फॉन्ट काढा आणि सीएसएसमध्ये त्यांची नावं उरली आहेत का पाहा. वर्डने परिच्छेदापरिच्छेदात चिकटवलेल्या फॉन्टच्या सूचना ‘फाइंड-रिप्लेस’ने साफ करा, एकच ओपन फॉन्ट घाला आणि तपासणीचं पान पुन्हा चालवा. मूळ ईपबची प्रत, पूर्ण फॉन्ट, परवाना, युनिकोड मजकूर आणि तपासणीचं पान एकाच फोल्डरात ठेवून तो स्मरणिका समितीकडेही द्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीला तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार नाही.